दुधाच्या सोसायटीचा गोल शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मित्रांनो, आरंभीच सांगतो, माझ्याबद्दल आदर वाटून घेऊ नका. तो मला आयुष्यभर पुष्कळ मिळाला, आणि ज्यांनी दिला त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात सहकारी सोसायट्यांचे पीक आले. केजजवळच्या एका गावाने दूध सोसायटी काढली आणि तिच्यासाठी बीडच्या एका कारागिराने मला घडवले. त्याने माझी लाकडी मूठ घासून गुळगुळीत केली, रबरावर अक्षरे उलटी कोरली आणि कडेने दोन गोल रेषा ओढल्या. मला कागदात गुंडाळताना तो म्हणाला, "जपून वापरा." साधा माणूस होता. गिऱ्हाइके आपले ऐकतात असे त्याला वाटत असावे.

पहिली वर्षे बरी गेली. दूध घातल्याची चिठ्ठी, वासराच्या लसीचा कागद, गाय घ्यायची शिफारस, असल्या कामांवर मी उमटत असे. गाय खरी होती, दूध खरे होते आणि मी त्यांच्या मागून जाणारा होतो. पुढे हा क्रम उलटला. लोक माझ्या मागून चालू लागले.

एका वर्षी निवडणूक हरलेले चेअरमन मला खिशात घालून घरी गेले आणि ज्वारीच्या कणगीत पुरून मोकळे झाले. नवे चेअरमन हार घालून खुर्चीत बसले, पण शिक्क्यावाचून त्यांना कोणी चेअरमन मानीना. गोठ्यात गायी होत्या, कासेत दूध होते, तरी सारे गाव म्हणत होते की सोसायटी बंद आहे. शेवटी पंच जमले, मला कणगीतून उकरून काढले आणि गुलाल लावला. दूध ओतून देणाऱ्या बायकांना तेव्हा कोणी काही लावले नाही.

दुष्काळात मात्र माझी किंमत कळे. जनावरे बाजारात जात, दूध आटे आणि मी टिनाच्या डब्यात वाळत पडे. माझे रबर दोनदा बदलले. मूठ तेवढी मूळची राहिली.

आता महारुद्रअप्पांविषयी सांगितले पाहिजे. हे सोसायटीचे सचिव. डोक्याला टोपी, कपाळाला भस्म, आणि खिशात माझ्या डब्याची किल्ली. लक्ष्मीपूजनाला ते मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहत. त्यांनी कोणाचे पैसे खाल्ले नाहीत, कोणाला शिवी दिली नाही. त्यांचा दोष एवढाच की कागद आणि माणूस एकदम समोर आले तर ते कागदाला बसायला सांगत.

पाऊस पोळ्यानंतर फिरकलाच नाही, त्या वर्षीची गोष्ट आहे. गावात टँकर दसऱ्याआधीच सुरू झाला. दुधातली फॅट मोजायच्या यंत्रावर काम करणारा तरुण एक दिवस पुण्याला निघून गेला. दूध थोडे असले तरी मोजावे लागतेच, आणि अप्पांना यंत्रावरचे चमकते आकडे चष्म्यानेही दिसत नसत. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, एवढेच काम होते. त्या कामासाठी विशाखा आली.

विशाखा अकरावीत होती. तिचे वडील जालिंदर आणि आई पारूबाई दर वर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जात. यंदा शेतात काहीच नव्हते, म्हणून मुकादमाने गाडी लवकर ठरवली होती. विशाखाला हे काम मिळाले तर ती आत्याकडे राहून केजच्या कॉलेजात जाणार होती. नाही मिळाले तर बिऱ्हाडाबरोबर गाडीत बसायचे आणि वर्ष सोडायचे. आत्याकडे एका माणसाचेच भागत नव्हते, फुकट खाणारे तोंड तिला परवडणारे नव्हते.

अप्पांनी कागद सांगितले. शाळेचा दाखला, आधार, रेशन कार्ड, रहिवासी, डॉक्टरचे पत्र, पालकांची संमती, दोन फोटो. "सगळ्याच्या झेरॉक्स आन्‌. अन्‌ तवर येत जा, यंत्र शिकून घे."

विशाखा दोन्ही वेळा येऊ लागली. दोन दिवसांत ती यंत्र शिकली, तिसऱ्या दिवसापासून सगळे काम तीच करू लागली. अप्पा शेजारी बसून पेपर वाचत. कागद नसताना काम चालत होते, कागद नसताना नेमणूक चालत नव्हती. ह्यात काही विसंगत आहे असे अप्पांना वाटले नाही. मला वाटले, पण शिक्क्याला कोण विचारतो?

तिने केजला खेपा घालून सगळे कागद आणले. अप्पांनी ते टेबलावर पसरले, चष्मा पुसला आणि मान हलवली.

"हे जुळंना. दाखल्यावर जन्म एक जूनचा, आधारवर एक जानेवारीचा. तेबी पुढच्या सालचा."

"मास्तरांनी सगळ्यांचीच एक जून लावलीय, अप्पा. मी उसाच्या फडात जन्मले. आई म्हणली थंडीत झाली, तर आधारवाल्यानं जानेवारी टाकली."

"मंग खरी कोणती?"

"दोन्ही न्हाईत. पण दोन्हीनं मला सोळा पुरे हायत. तुमाला सोळाच पायजेत ना?"

"सोळाचा प्रश्न न्हाई. कागदाला कागद जुळला पायजे."

विशाखाने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. मग तिने विचारले, "अप्पा, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."

"चेअरमनसाहेबांचा?"

"एक जून."

"मंग तुमी दोघं जुळे हाव का?"

दूध घालायला येऊन दाराशी किटली घेऊन उभी असलेली भिमाबाई मोठ्याने हसली. अप्पांचे कान लाल झाले. एरवी त्यांनी कदाचित एक-दोन दिवसांनी मान तुकवली असती. आता इज्जतीचा प्रश्न झाला.

"लई तोंड हाय तुला. बीडला जा. सरकारी डाक्टरकडून वयाचा दाखला आन्‌. त्याबिगर शिक्का न्हाई."

जालिंदर त्या संध्याकाळी स्वतः आला. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला. "अप्पा, परवा गाडी निघतीया. पोरीचं व्हईल का न्हाई, तेवढं सांगा. मुकादम माणसं मोजतोय."

"नियम हाय, जालिंदर. मी काय करू?"

"मी नियम न्हाई इचारला, अप्पा. व्हईल का न्हाई, एवढंच इचारलं."

 अप्पांनी माझा डबा उघडला, मला पुसले आणि परत ठेवले. उत्तर नसले की ते मला पुसत. इतका स्वच्छ शिक्का तालुक्यात नसेल.

दुसऱ्या दिवशी विशाखा एसटीने बीडला गेली. डॉक्टरांनी दात पाहिले, मनगटाचा एक्स-रे काढला आणि दाखला दिला. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना तिने तो अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी तो दोनदा वाचला.

"'वय अंदाजे सोळा ते अठराच्या दरम्यान.' दरम्यान म्हंजी किती?"

"दरम्यान म्हंजी दरम्यान. त्यास्नी तारीख कशी कळंल? मनगटावर लिवलेली नसती."

मित्रांनो, त्या ढिगात खरे बोलणारा तो एकच कागद होता. आपल्याला जेवढे माहीत तेवढेच त्याने सांगितले होते. अप्पांना तोच सगळ्यांत कच्चा वाटला.

"चेअरमनला इचारावं लागंल," ते म्हणाले. "सोमवारी ये."

बाहेर रस्त्यावर टोळीची गाडी उभी होती. भांडी, गोधड्या, शेळी आणि माणसे वर चढत होती. सोमवारपर्यंत ती कोणासाठी थांबणार होती?

तेवढ्यात दूध घालणाऱ्या बायका आल्या. दसऱ्यानंतरचे ऊन खाली उतरले तरी तापलेलेच होते, आणि ऊन खाल्लेले दूध फार वेळ टिकत नाही. रांग लागली. भिमाबाई पुढे होती. अप्पांनी सवयीने यंत्राकडे बोट केले.

"चल गं, सुरू कर."

विशाखा खुर्चीवरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हात तिने मागे बांधले.

"मी तर सोसायटीची कोणीच न्हाई, अप्पा. तिऱ्हाइतानं यंत्राला हात लावायचा, असं हाय का नियमात?"

"रोज लावतीस की!"

"चुकलं माझं. आजपासून न्हाई."

अप्पा यंत्रापुढे बसले. डोळे बारीक करून त्यांनी एक आकडा वाचला.

"अप्पा, तो आकडा कालचा हाय," भिमाबाई म्हणाली. "मला बी दिसतोय हितून."

मागच्या बायका बोलू लागल्या. कोणी किटलीवरचे फडके उचलून वास घेतला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पारूबाईने वरून हाक मारली, "विशे, काय झालं गं?" विशाखाने दाराकडे पाहिले. हात मात्र तिने मागेच ठेवले.

"कशापायी ताणून धरलंय, अप्पा?" भिमाबाई ओरडली. "पोरीला शिक्का मारा, न्हाईतर हे नासकं दूध तुमच्या टेबलावर वतते. मंग कर म्हणावं शिक्क्याला माप!"

अप्पांनी डबा उघडला. मला पॅडवर आपटले आणि तिच्या अर्जावर टेकवले. घाईत मी उलटा उमटलो, सोसायटीचे नाव खाली आणि तालुका वर. गैरसमज नको. ती दया नव्हती आणि न्यायही नव्हता. दूध नासत होते, एवढेच.

विशाखाने अर्ज पाहिलासुद्धा नाही. ती दाराकडे वळली, पण रांग दारातच होती आणि सगळ्यांच्या किटल्या तिच्याकडे वळल्या होत्या. ती यंत्रापुढे बसली.

"आई, झालं!" ती बसल्या जागेवरून ओरडली. "तुमी निघा!"

गाडी हलली. तिचा आवाज वर पोचला की नाही, मला ठाऊक नाही. तिलाही तेव्हा कळले नाही. ती आकडा वाचत होती. "भिमामावशी, चार पॉइंट एक. पुढची किटली."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती उद्या माझ्यासारखा शिक्का येईल. त्याला पुसू नका, पाटावर बसवू नका, हळदकुंकू तर मुळीच वाहू नका. तो रबराचा तुकडा आहे, पुसट झाला तर दुसरा मिळतो. समोर कोणी कागद घेऊन उभे राहिले, तर आधी दाराबाहेर बघा. त्याच्यासाठी एखादी गाडी थांबलेली असेल.