मागे चालणाऱ्याची जागा

वहिनीने दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "रविवारी डोंगरावर जायचं ना, छोटे? या वेळी घड्याळवाल्यांनाही घेऊ म्हणते." मी एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. तो हातातून उडाला. मग टेबलाखाली तो शोधत मी गरजेपेक्षा जास्त वेळ बसून राहिले. वर आले असते तर तोंड दिसलं असतं.

चाळिशी ओलांडली तरी वहिनीसाठी मी छोटीच. दादा गेल्यापासून आम्ही दोघीच डोंगरावरच्या उद्यानात जातो. तिला बेकरीतून सुट्टी मिळते कधी, आणि मला दुकान बंद ठेवायचं धैर्य होतं कधी! त्यामुळे वर्षातून तीन-चारदाच जमतं. पण त्या दिवसाची आम्ही दोघी लहान मुलींसारखी वाट बघतो.

बेकरीच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे हे गृहस्थ. त्यांचं आणि वहिनीचं लग्न ठरत आलं होतं. माणूस सरळ, बोलणं मोजकं, हात स्वच्छ. अशा माणसाचा राग धरायचा म्हणजे फार कष्ट पडतात. मी ते घेत होते. कारण लग्न झालं की ती माझी कोण? दादा गेलाच होता, आता वहिनीही जाणार, एवढंच मला दिसत होतं.

रविवारी घड्याळवाल्यांनी आमच्या दोघींच्या पिशव्या स्वतःच्या खांद्यावर घेतल्या आणि पायवाटेवर झपाझप पुढे निघाले. वाटेवरची फांदी बाजूला धरायची, निसरडा दगड दिसला की ओरडून सांगायचं, वळणावर थांबून हसायचं आणि आम्ही पोचलो की पुन्हा पुढे. चांगुलपणाच तो. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होत होता.

कारण आमच्या घरात असं चालत नाहीत. दादाचा नियम होता, जो सगळ्यात हळू तो पुढे. बाकीच्यांनी त्याच्या पावलाने चालायचं. आणि ज्याला वाट ठाऊक, ज्याच्या अंगात दम, तो शेवटी. वहिनी पुढे, मधे मी, आणि मागे दादा, कसलीतरी गाणी बेसूर गुणगुणत. तो गेल्यावर मागची जागा रिकामी राहिली. मी अजूनही चालताना मधूनमधून वळून बघते. काही नसतं. तरी बघते.

झाडांच्या सावलीत वहिनी धापा टाकत थांबली. घड्याळवाले पार वरच्या वळणावर पोचले होते.

"हे काय चाललंय?" मी म्हणाले. "तू धापा टाकतेस आणि ते तिकडे झेंडा रोवायला निघालेत. आपली पद्धत सांगितली नाहीस का त्यांना?"

"नाही."

"का? जिभेला हाड नाही तुझ्या एरवी."

वहिनीने पदराने मानेवरचा घाम पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती जागा तुझ्या दादाची आहे, छोटे. तुला विचारल्याशिवाय मी कुणाला कशी देऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना बरोबर आणायचं कारण हे होतं. ती मला सोडून जायला निघाली नव्हती. माझ्या होकारासाठी ती एवढा चढ चढून आली होती, आणि मी सकाळपासून तोंड फुगवून बसले होते. मला रडू आलं. लपवलं नाही.

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

"तर ते असेच पुढे पळत राहिले असते," वहिनी म्हणाली, "आणि मी तुझ्याबरोबर."

मी नाक पुसलं आणि वर बघून हाक मारली. "अहो घड्याळवाले! खाली या."

ते घाबरून धावत आले. "काय झालं? पाय मुरगळला का?"

"पाय ठीक आहेत. आमच्यात जो सगळ्यात हळू तो पुढे असतो. वहिनी पुढे, मग मी. तुम्ही शेवटी चालायचं. कुणाला मागे ठेवायचं नाही. आणि माझी पिशवी द्या इकडे, मी काही म्हातारी झालेली नाही."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि ते माझ्या मागे जाऊन उभे राहिले.

आम्ही निघालो. वहिनी आपल्या संथ चालीने पुढे, मी तिच्या टाचांकडे बघत. मागे पावलं वाजत होती. गाणं नव्हतं, नुसती पावलं. थोड्या वेळाने ती वाजेनाशी झाली. वळून पाहिलं तर घड्याळवाले बरेच खाली, दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होते. हाक मारून आम्हाला थांबवायचा त्यांना संकोच वाटला असणार.

मी वहिनीचा हात धरला.

"थांब गं वहिनी," मी म्हणाले. "आपला माणूस मागे राहिलाय."