कॉफीच्या डब्यातल्या कॅप्सूल

पोलंडमधल्या बहिणीचं, लुडविकाचं पत्र ईस्टरच्या आधी आलं होतं, आणि ऑक्टोबर उजाडला तरी तेओफिलनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसलाच नाही असं नव्हे. शिकागोतल्या एका पोलिश दैनिकात त्यानं अर्धं आयुष्य मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. दुसऱ्याच्या वाक्यातली लंगडी जागा त्याला लांबून दिसायची. स्वतःचं वाक्य मात्र पहिल्या शब्दापासून लंगडं वाटायचं. ‘प्रिय लुडविका’ एवढं लिहिलं की, प्रिय म्हणायचा आपल्याला काय अधिकार, असं मनात येई आणि कागद टोपलीत जाई.

पत्र छोटंच होतं. “तेओश, आई गेली. शेवटी तिनं तुझं नाव घेतलं नाही. खरं तेच लिहिते, कारण खोटं तुला लगेच कळतं. महायुद्ध संपल्यावर तू परत का आला नाहीस, हे आता तरी मला सांग. माझं डोकं दुखायचं थांबलेलं नाही. पण गोळ्या पाठवू नकोस, चार ओळी पाठव.”

तेओफिलनं ओळी पाठवल्या नाहीत. गोळ्या पाठवल्या.

पोलंडमध्ये लष्करी अंमल होता. दुकानांत ना साबण, ना कॉफी, ना औषध. शिकागोच्या मिलवॉकी रस्त्यावरच्या सगळ्या पोलिश घरांतून पार्सलं जात होती. अमेरिकी औषधाची बाटली दिसली की ती वाटेत कुणाच्या तरी खिशात जाते, हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. म्हणून बाटलीतली औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कॉफीच्या डब्यात दडवायची रीत पडली होती. तेओफिलनं तसंच केलं. डोकेदुखीच्या कॅप्सूल कॉफीत खोल पुरल्या, वरून डबा नीट बंद केला, आणि रिकामी बाटली कचऱ्यात टाकली. लुडविकाला लवकर आराम पडावा म्हणून पार्सल जहाजानं न पाठवता विमानानं पाठवलं. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं होतं. पत्राचं ओझं निम्मं उतरल्यासारखं.

दोन आठवडे झाले असतील. सकाळी तो चहा ओतत होता, तेवढ्यात गल्लीतून पोलिसांची गाडी अगदी हळू गेली. गाडीवर भोंगा होता. त्यातून एक बाई त्याच कॅप्सूलचं नाव घेऊन सांगत होती, घेऊ नका, घरात असतील तर पोलिसांकडे द्या. गाडी वळली, तरी आवाज येतच राहिला.

“तेओफिल! ए पुस्तकातल्या किड्या! जिवंत आहेस का?” खालून घरमालक ब्रोनेक ओरडला. एके काळी पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. भट्टीपुढे बोलायची सवय अजून गेली नव्हती.

“आहे.”

“मग खाली ये. रेडिओ ऐक.”

रेडिओवर दुसरं काहीच नव्हतं. कुणीतरी दुकानातल्या बाटल्यांमधल्या कॅप्सूल उघडून, त्यांत सायनाईड भरून, पुन्हा बंद करून बाटल्या फळीवर ठेवल्या होत्या. डोकं दुखतंय, सर्दी झालीय, म्हणून लोकांनी त्या घेतल्या आणि ते न्हाणीघरातच कोसळले. कुणी केलं, का केलं, पत्ता नव्हता. पुढेही कधी लागला नाही.

“माझी डोकेदुखी ह्यानंच बरी होते,” ब्रोनेकनं व्होडकाच्या बाटलीकडे बोट केलं. “मी गोळ्यांच्या भानगडीत पडतच नाही. तुझ्याकडे आहेत का?”

“नाहीत.”

“मग तोंड असं का झालंय तुझं?”

“लुडविकाला पाठवल्यात.”

ब्रोनेकनं रेडिओ बंद केला. “बाटली कुठाय? विषारी बाटल्यांवरचा नंबर सांगतायत ना. तो जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही.”

“फेकली.”

ब्रोनेकच्या ओठावर शिवी आली होती, ती त्यानं गिळली. हेच तेओफिलला जास्त भीतिदायक वाटलं.

दुकानातला तो क्षण त्याला आठवला. फळीवरची पुढची बाटली त्यानं उचलली होती आणि परत ठेवली होती. पुस्तकांच्या दुकानात तो नेहमी मागची, हात न लागलेली प्रत काढायचा. तसाच हात आत घालून त्यानं मागची बाटली काढली होती. विष ठेवणाऱ्यानंही असाच हात आत घातला असेल. कदाचित माणसं मागची बाटली काढतात हे त्याला माहीत असेल.

पार्सलवाल्या ग्रझिनाबाईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एकदम बोलत होत्या, एक तर उघड रडत होती. ग्रझिनाबाई गल्ल्यामागे टेलिफोन कानाला लावून उभ्या होत्या. तेओफिल दिसताच त्यांनी तो खाली ठेवला. त्याला त्या थट्टेनं प्रोफेसर म्हणत.

“आलात, प्रोफेसर? या. अख्खी वस्ती आलीय सकाळपासून. तुमचं जहाजाचं की विमानाचं?”

“विमानाचं.”

ग्रझिनाबाईंनी पार्सलांची वही मिटली.

“जहाजाची सगळी गोदीत अडवायला सांगितलीत मी. विमानाचं कुठून आणू हो परत? वॉर्सात असेल. नाहीतर तिच्या दारात.”

“एरवी हे मेले पुरुष चिकन निवडायला तासभर लावतात,” रांगेतली एक जाडी बाई म्हणाली, “नेमकी ह्याच वेळी घाई सुचली!”

“तू गप गं,” ग्रझिनाबाई म्हणाल्या. “फोन आहे का बहिणीकडे?”

“खेड्यात फक्त टपाल कचेरीत. आणि इथून लागत नाही.”

“मग तार. सांगा मजकूर, मी लावते.”

तेओफिलनं सांगितलं, “कॉफीतल्या कॅप्सूल खाऊ नकोस. विष असेल. तेओफिल.”

ग्रझिनाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “अहो, तिकडचा तार-टपाल तपासणारा सरकारी माणूस हे वाचून काय समजेल? कॉफी, कॅप्सूल, विष! सांकेतिक निरोप म्हणून तारही अडकवेल आणि बहिणीच्या दारात मिलिशियाचे पोलीसही उभे करेल.”

तेओफिलनं तो कागद आपल्याकडे ओढला. बहिणीला विषापासून वाचवताना तुरुंगात घालायची!

“मग काय लिहू?”

“थोडकं. ‘गोळ्या घेऊ नकोस, पत्र येत आहे.’ पत्रात नीट समजावून लिहा.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “लिहिणार ना पत्र? तुमचं काही सांगता येत नाही.”

“लिहितो.”

तार गेली. पण घरी येताना त्याला तारेचा काहीच भरवसा वाटेना. लुडविकाच्या हातून कधी भाकरीचा तुकडा फेकला गेला नव्हता. लढाईत बटाट्याची सालं शिजवून खाल्लेली बाई ती. सहा महिने ज्या भावानं ओळ लिहिली नाही, त्याची तार येते की गोळ्या घेऊ नकोस, तर ती म्हणेल, ह्याला म्हातारपणी भ्रम झाला. स्वतः नाही घेतल्या तरी शेजारणीची दाढ दुखली की देईल. पाद्र्याला देईल. कुणाच्या तापलेल्या पोराला पाण्याबरोबर देईल, आणि अमेरिकेतल्या भावानं पाठवल्यात म्हणून अभिमानानं सांगेल.

वाटेतल्या औषधाच्या दुकानाची ती फळी रिकामी झाली होती. पुढे एक सभ्य दिसणारा माणूस टूथपेस्ट निवडत होता. त्यानं एक खोकं उचललं, वाचलं, परत ठेवलं. तेओफिल काचेबाहेर थिजून उभा राहिला. माणसानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांतही तीच भीती होती, आणि ती तेओफिलकडे बघून आली होती.

घरी येऊन त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेतला. आधी वर्तमानपत्रातली बातमी कापून ठेवली होती, ती बाजूला सारली. परदेशातल्या पोलिश वर्तमानपत्राचं कात्रण दिसलं की पाकीटच जप्त व्हायचं. बातमी आपल्याच शब्दांत सांगायला हवी होती. आणि तिला पटायला हवी होती. अनोळखी माणसासारखं लिहिलं तर लुडविका विश्वास ठेवणार नाही. तिनं विचारलेलं आधी सांगितलं, तरच ते पत्र भावाचं आहे हे तिला कळेल.

त्यानं लिहिलं, आणि ह्या वेळी वाक्य लंगडं वाटलं तरी खोडलं नाही.

“लुडविका, सुरुवातीला तिकडचं नवं सरकार पकडेल म्हणून आलो नाही. पुढे कुणी पकडणार नव्हतं, तरी आलो नाही. आई तुझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलो होतो, तुझ्या डोळ्याला डोळा द्यायची छाती नव्हती. याहून मोठं कारण शोधत बसलो म्हणून उत्तर राहिलं. दुसरं कारण नाही.

आता हे नीट वाच. इथे एका माणसानं दुकानातल्या औषधात विष घातलं आहे. माणसं मेली आहेत. मी पाठवलेल्या कॅप्सूल त्यातल्या असतील किंवा नसतील. मला कळायला मार्ग नाही. कॉफीच्या डब्यात तळाशी पिशवी आहे. उघडू नकोस. कुणाला देऊ नकोस, कितीही दुखत असलं तरी. खोल खड्डा करून पुरून टाक. कॉफीसुद्धा पिऊ नकोस. तुला फेकवणार नाही हे मला माहीत आहे. तरी फेक.”

मग तो थांबला. हे पाकीट लुडविकाच्या आधी दुसरं कुणी फोडणार होतं. तो कुठल्यातरी थंड कचेरीत बसला असेल, आणि अशाच कुणीतरी डबाही उघडला असेल. त्यानं पानाच्या माथ्यावर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं :

“हे पत्र आधी वाचणाऱ्यास विनंती. कृपा करून पान काळं करू नका. यात खूणभाषा नाही. पार्सलातल्या कॅप्सूल तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या हाती लागल्या असतील, तर रागावणार नाही, पण घेऊ नका. घरी बायकोला, मुलांना देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरी उघडली तेव्हा तो दाराशीच होता. बरोबर ब्रोनेक होता. न विचारता गाडी काढली होती त्यानं.

“परत वाचणार नाहीस ना?” ब्रोनेक म्हणाला. “वाचलंस तर फाडशील. ओळखतो मी तुला.”

“नाही वाचत.”

खिडकीमागच्या कारकुनानं पाकीट वजनाला लावलं. “पोलंड? विमानानं?”

“हो. सगळ्यात लवकर जाईल तसं. पोचेल ना?”

“मी इथून पाठवतो, आजोबा,” कारकून म्हणाला. “पुढचं मला कसं ठाऊक?”

त्यानं शिक्का मारला. पाकीट मागच्या पिशवीत पडलं.