रेमीच्या गावचा अळू

परक्याच्या वाफ्यातली पानं तोडली, याला सिंधूआक्का चोरी म्हणायला तयार नव्हती. अळू म्हणजे काय द्राक्षं नव्हेत. तो परसात मोरीच्या पाण्यावर फुकट फोफावतो. शेजारणीनं जाता-येता चार पानं खुडली, तर त्यात कुणाच्या बाचं काय जातं? वारणाकाठच्या तिच्या गावात अळूची पानं मागून न्यायची वेळ आली असती, तर बाया हसून हसून आडव्या झाल्या असत्या.

पण हे वारणाकाठ नव्हतं. हे होतं फुनाबोरी, तोक्योच्या अंगाला, दोन नद्यांच्या बेचक्यात. इथं वॉर्डातर्फे सोडत काढून भाजीपाल्याला वाफे मिळतात, तीन मीटर बाय पाच. आक्काच्या भाषेत, म्हशीनं शेपूट हलवलं तर शेजाऱ्याच्या रानात जाईल एवढी जमीन. सुनेच्या, विभाच्या, नावावर वाफा लागला आणि आक्का त्यात राणीसारखी वावरायला लागली. गवार लावली, मिरच्या लावल्या, मेथी टाकली. बांधाला लागून शेजारच्या वाफ्यात नऊ अळू होते, काळ्या देठाचे, पानं सुपाएवढी. वर्षभर आक्काचा जीव त्या पानांवर. रविवारी लेकाच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती, आणि आक्काला राहवलं नाही.

मंगळवारी सकाळी ती वाफ्यावर गेली, तर शेजारीण त्या नऊ देठांपुढं उभी. पासष्टीची, ठेंगणी, फिलिपिन्सची बाई. तीस वर्षांपूर्वी जपानी नवरा करून आलेली, आता डबे भरायच्या कारखान्यात कामाला. तिचं नाव रेमी. विभानं त्या दिवशी घरूनच काम घेतलं होतं, ती खुरपं द्यायला मागोमाग आली आणि मधेच सापडली.

रेमी जपानीत हळू आवाजात काहीतरी बोलली.

"आई, त्या विचारतायत, पानं तुम्ही घेतली का?"

"म्हणावं, घेतली. पानं घेतली, गड्डा जाग्यावर हाय. पंधरवड्यात पुन्हा फुटंल."

"आई, इथं असं चालत नाही. निदान सॉरी तरी म्हणू या."

"तू म्हण. वड्या तूबी हाणल्यास की. सात मोजल्या म्या."

विभानं काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक, पण कंबरेत तीनदा वाकली. आक्का कंबरेवर हात देऊन ताठ. तिला वाटलं, आता बाई तोंड सोडंल, मग आपणबी सोडू. भांडणाला ती कधी मागं सरली नव्हती. दिराशी सोळा वर्षं बांधाचं भांडण चालवून जिंकलेली बाई ती. पण रेमीनं बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून नुसती त्या देठांकडं बघत राहिली.

आक्काला हे अवघड गेलं. शिवी परतवता येते. गप बसलेल्या बाईचं काय करायचं?

"इचार गं तिला, पानांचं काय करणार होती. जपानी माणूस तर पानं उकिरड्यावर टाकतंय."

मग रेमीनं सांगितलं, आणि विभानं थांबत थांबत मराठीत आणलं. रेमीचं गाव लिबासान. नदीच्या वळणावरचं. येत्या रविवारी गावाचा वाढदिवस. जपानात पांगलेली गावची चौदा माणसं त्या दिवशी एकत्र जमतात, कुणी नागोयाच्या कारखान्यातलं, कुणी उरायासूच्या हॉटेलातलं. आणि त्या दिवशी एकच पदार्थ शिजवायचा, नारळाच्या दुधात अळूची वाळवलेली पानं. दुसरं काही चालत नाही. रेमी आज पानं काढायलाच आली होती, चार दिवस वाळवायला.

"गावाचा कसला वाढदिवस? गाव काय बाळंत होतं व्हय?" आक्का म्हणाली, पण बांधावर टेकली.

रेमी बोलायला लागली तशी तिच्या हातांत जीव आला. एका हातानं नदी दाखवायची, दुसऱ्यानं माणसं. फार पूर्वी वरच्या अंगाला सात घरं होती. एका पावसाळ्यात नदी घरांत शिरली. माणसं बांबूच्या तराफ्यांवर चढली आणि तीन दिवस वाहत गेली. तांदूळ भिजला, कोंबड्या बुडाल्या. एका म्हातारीनं मात्र लुगड्याच्या ओच्यात एक अळूचा गड्डा खोचला होता.

"नाव काय म्हातारीचं?"

"नाव कुणाला माहीत नाही म्हणतायत. सगळे आजीच म्हणतात."

"बरोबर. पुढं?"

पुढं तराफे एका वळणावर चिखलात रुतले. पुरुष म्हणाले, अजून खाली जाऊ, चांगली जागा बघू. म्हातारी तराफ्यावरून उतरली, चिखलात गुडघाभर गेली, गड्डा पुरला आणि म्हणाली, तुम्ही जावा. मी हा फुटेपर्यंत इथंच. तिला सोडून जायची कुणाची छाती झाली नाही. नववा दिवस उजाडला आणि कोंब आला. तेच गाव.

"आन् मग?" आक्कानं आता तपकिरीची डबी काढली होती.

मग स्पेनचे लोक आले. पाद्री आला. म्हणाला, चिखलात कसलं राहता, उंचावर चला. उंचावर देऊळ बांधलं, घंटा बांधली, लोकांना तिकडं नेलं. पाद्रीनं कागदावर लिहिलं की हे गाव मी वसवलं, अमुक साली. वीस वर्षांनी नदीनं उंचवटाच पोखरला. देऊळ घंटेसकट पाण्यात गेलं. लोक पुन्हा वळणावर आले, तर अळू माजलेला. मग अमेरिकन आले, त्यांनी गाव रस्त्याकडं हलवलं. मग लढाईत जपानी शिपाई आले, तेव्हा गाव अळूच्या दलदलीत जाऊन लपलं आणि चार महिने पानं खाऊन जगलं. एवढं सांगून रेमीनं पलीकडं निंदत बसलेल्या जपानी म्हाताऱ्याकडं, कानेकोसानकडं, बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. आता गावातली निम्मी माणसं परदेशात. चौकात दगड आहे, त्याच्यावर नाव पाद्रीचं.

आक्कानं चिमूट नाकात ओढली.

"सांग तिला, कुठंबी जा, पळसाला पानं तीनच. आमच्या पाणंदीतली हीर आमी बारा बायकांनी खांदली. दुष्काळात. म्या पयली कुदळ मारली, पोटात सत्या हुता, पाचवा म्हयना. पाणी लागलं आन् सरपंचानं फरशी बसवली. त्याच्यावर सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक. त्या ग्रामसेवकाची तर तवा बदलीबी झाली न्हवती आमच्यात."

विभा थांबली. हे तिला माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्यानंही, सत्यजितनं, कधी सांगितलं नव्हतं. तिनं जपानीत सांगितलं, यावेळी काही न गाळता. रेमी ऐकत होती. मग तिनं मान हलवली, आणि बादलीवरून उठून देठांना पाणी घालायला लागली. तक्रार करणार नाही म्हणाली. भात आणि मासे करू, गावाला राग येणार नाही म्हणाली.

रात्री घरी जेवताना सत्यजित म्हणाला, "आई, ऑफिसात अजून वड्यांचं कौतुक चाललंय." आणि आक्काला ठसका लागला. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे.

माफी मागणं आक्काच्या रक्तात नव्हतं. मागणंच रक्तात नव्हतं. तिनं माहेराला लुगडं मागितलं नाही, नवऱ्याला डोरलं मागितलं नाही, लेकाला विमानाचं तिकीटसुद्धा त्यानं आपण होऊन काढेपर्यंत मागितलं नाही. अळू तर तिनं उभ्या जन्मात मागितला नव्हता. पण वाफ्यांच्या त्या रानात आणखी अकरा जणांकडं अळू होता. जपानी माणसं तो गड्ड्यांसाठी लावतात. बुधवारी पहाटे तिनं सुनेला उठवलं.

"पान द्या, ह्याला हितं काय म्हणत्यात?"

"हाप्पा, कुदासाई. आई, मी येऊ का बरोबर? दहाची मीटिंग आहे, पण—"

"तू मीटिंग कर. तू आलीस की निम्मं गिळतीस."

पहिलाच कानेकोसान. ऐंशीचा गडी, गळ्यात पंचा, वाफेवाल्यांचा म्होरक्या. कागदावरच्या नियमांच्या बाहेर टोमॅटोचं बूडसुद्धा जाऊ देत नसे. आक्का त्याच्यापुढं उभी राहिली. घसा खाकरला. पहिल्यांदा न्हाणाला बसवलेल्या पोरीसारखी लाज वाटत होती तिला, आणि ती लाज तिला स्वतःलाच सोसवत नव्हती.

"हाप्पा," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "कुदासाई."

म्हातारा गोंधळला. त्यानं गड्डा, पान, गड्डा असं हातानं दाखवलं. म्हणजे पानं काढली तर गड्डे पोसायचे नाहीत. आक्काला ते शेतकरी म्हणून पटलं. तिनं दोन बोटं दाखवली. मग रेमीच्या बोडक्या वाफ्याकडं बोट केलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

कानेकोसाननं तिच्याकडं बघितलं, वाफ्याकडं बघितलं. कात्री आणून चार पानं कापली. दोन्ही हातांनी दिली आणि वर कंबरेत वाकला. देणाराच वाकतो, ही कुठली रीत? आक्काला तेही रुचलं नाही. पण तीही वाकली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा.

मग सोपं गेलं. अकरा वाफे फिरली. मिळालेल्या प्रत्येक पानाचा देठ मोडून चीक मनगटावर घासून बघायची. जरा ज्यादा खाजला की ते पान बाजूला. कुठला अळू खवखवणार ते गावात तिला नुसतं बघून कळायचं. इथली जात परकी, हिचा भरवसा कोण देणार? सांज होईपर्यंत एकसष्ट पानं झाली आणि मनगट वांग्यासारखं सुजलं.

"आई, हे काय करून घेतलंय? क्रीम लावू या," विभा म्हणाली.

"चिंच लाव."

गुरुवारी आभाळ भरून आलं. समुद्रात कुठंतरी वादळ फिरत होतं, त्याची शेपटी इकडं आली. पाऊस कसला, नुसती चिरचिर. ऊन नाही, तर पानं वाळणार कशी? आक्का गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. शेवटी तिची नजर न्हाणीघरावर गेली. तिथं छतातून गरम वारा सुटतो, कपडे वाळवायला. तिनं दोन दांड्यांवर चिमट्यांनी एकसष्ट पानं टांगली, बटण दाबलं आणि दाराला बाहेरून पाट लावला.

"आई, आंघोळ?" सत्यजितनं विचारलं.

"हाय की मोरी. तोंडावर पाणी मार."

"ही मोरी नाही, किचनचं बेसिन आहे."

"मग तितं मार. तुजा बा लढाईतनं आठ आठ दिस बिनआंघोळीचा यायचा."

"बाबा सोसायटीत क्लार्क होते."

"सोसायटीची लढाई काय कमी हुती?"

दोन दिवस लेक अंगावरून ओला हात फिरवून ऑफिसला गेला. शुक्रवारी संध्याकाळी तो पाट सरकवून आत डोकावला, त्या टांगलेल्या पानांचा वास घेतला आणि म्हणाला, "विहिरीत उतरल्यावर यायचा तसला वास येतोय." आक्कानं त्याला बाहेर काढून पाट पुन्हा लावला. पण रात्रीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा पडला.

रविवारी आक्का आणि विभा रेमीच्या गावची माणसं जमणार होती त्या वॉर्डाच्या सभागृहात गेल्या. रेमी दारातच होती, मासे घेऊन. आक्कानं कापडी पिशवी तिच्या हातात दिली. रेमीनं आत हात घातला. पानं तपकिरी, कुरकुरीत, तंबाखूसारखी. तिनं एक नाकाशी धरलं. मग आक्काचं मनगट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. विभाला पहिल्यांदाच काही काम राहिलं नाही.

पातेलं चुलीवर चढलं. नारळाचं दूध, आलं, मिरची आणि वर पानं. त्यांचा नियम असा की पानं शिजेपर्यंत ढवळायचं नाही. ढवळलं की खवखवतं. आक्का हाताची घडी घालून उभी राहिली. न ढवळलेलं पातेलं बघणं म्हणजे तिला सुळावर बसणं होतं. पण गाव त्यांचं, पातेलं त्यांचं.

ताटं वाढल्यावर रेमी उठली आणि गावाची गोष्ट सांगायला लागली, त्यांच्या भाषेत. आक्काला सगळी कळत होती. हात वाहत आले म्हणजे तराफे. मूठ पोटाशी म्हणजे गड्डा. बोट वर म्हणजे पाद्री, आणि तेव्हा सगळे हसले. शिपाई आले तेव्हा कुणी हसलं नाही. मग गोष्ट संपायला हवी होती, पण रेमी पुढं बोलतच राहिली. तिनं कात्रीसारखी बोटं केली, कचाकच हवेत चालवली. मग एक हात पुढं पसरला आणि दारोदार फिरल्यासारखी चार पावलं टाकली. माणसं हसायला लागली आणि आक्काकडं बघायला लागली. नागोयाहून आलेला एक जण डोळे पुसत हसत होता.

"काय म्हणती?"

विभानं शेजारच्या बाईला जपानीत विचारलं आणि पदर नसताना पदर सारखा केला. "काही नाही आई. तुमचं कौतुक चाललंय."

"विभा, न गाळता सांग."

"त्या म्हणाल्या, नदीनं दोनदा नेलं, तरी गावाचा अळू राहिला. मग जपानात एका हिंदुस्थानी आजीनं चोरला. वीस पानं. आणि तिनंच दारोदार मागून परत आणला. यापुढं दर वर्षी गोष्ट इथपर्यंत सांगायची, असं ठरवलंय त्यांनी."

आक्कानं ताटातला घास तोंडात घातला. चव बरी होती. चिंचेचा कोळ हवा होता, पण खवखवत नव्हतं. ती जराशानं उठली आणि पदर खोचला.

"सांग त्यास्नी," ती सुनेला म्हणाली, "गोष्टीत घ्यायचं तर नुसती आजी म्हणायचं न्हाई. सिंधू बाळासाहेब पाटणे, असं पुरतं नाव घ्यायचं. आन् वीस न्हाई. बावीस पानं हुती."