पूजेतली फरशी

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण कधी कधी हौसच मुळावर येते. खंडेनवमीच्या सकाळी शरणप्पाने छिन्न्या, हातोडे, पहार सगळं घासूनपुसून धुतलं आणि त्याच हौसेने लेकीचा टॅबही बादलीत बुडवून काढला.

नीलव्वा झेंडूची फुलं घेऊन आली तेव्हा पूजा मांडून झाली होती. ओळीने हत्यारं, त्यांच्यावर विभूतीचे पट्टे आणि शेवटी चकचकीत टॅब. त्यावर अप्पाच्या अंगठ्याएवढा कुंकवाचा टिळा.

“हे तुझं हत्यार,” अप्पा कौतुकाने म्हणाला. “आमच्या हत्यारांची अंघोळ झाली, मग तुझ्यालाच का पारोसं ठेवायचं?”

नीलव्वाच्या तोंडचं पाणीच पळालं. “अप्पा, त्याला पाणी चालत नाही! उचलू दे मला!”

तिच्या आईने, अव्वाने, झटकन तिचं मनगट धरलं. “खुळी का काय गं? मांडलेलं हत्यार उद्या बन्नीचं सोनं लुटल्याशिवाय हलवायचं नसतं. भीमाशा काकाचं विसरलीस एवढ्यात?”

ती कशी विसरेल? गेल्या खंडेनवमीला ठेकेदाराने घाई केली म्हणून काकाने पूजेतला फरशी कापायचा कटर उचलला आणि आठवड्याच्या आत त्याच कटरने त्याची दोन बोटं नेली. दारू पिऊन कटर चालवला हे कुणी बोललं नाही. हत्याराचा कोप घरच्या कमावत्यावर होतो, असंच अख्खी वस्ती म्हणाली. अप्पाही त्याच फरशीच्या खाणीत राबत होता.

आणि टॅब तरी कुठे तिचा होता? तो शाळेचा. वर्गात चौघींत एक. फळ्यावर चुकलं की पोरं फिदीफिदी हसायची. टॅब मात्र न रागावता तेच गणित पुन्हा पुढ्यात ठेवायचा, दहा वेळा चुकलं तरी. भागाकार तिला तिथेच आला. पलीकडच्या गावच्या शाळेत एक टॅब बिघडला, तर तिथल्या हेडमास्तरांनी उरलेले सगळे कपाटात घालून कुलूप ठोकलं. तरीही सुमंगला टीचरनी स्वतःच्या भरवशावर तो तिला सुट्टीत घरी दिला होता. नीलव्वाला आत्तापासूनच ते कुलूप दिसायला लागलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघणार होता.

दुपारी अप्पा आणि अव्वा खाणीवरच्या मशीनपुढे कोहळा फोडायला गेले. घरात ती आणि ती ओळ. पाणी आत आत मुरत असेल, या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हात पुढे केला की काकाचा थोटका पंजा आठवे. इकडे आड, तिकडे विहीर.

“आई यल्लम्मा, अप्पाला काही करू नकोस. काय व्हायचं ते मला होऊ दे,” असं पुटपुटत तिने टॅब उचलला.

चार्जिंगच्या भोकातून दोन थेंब ओघळले. तिने तो पुसला, ज्वारीच्या पोत्यात खोल खुपसला आणि अंगणातल्या ढिगातून तेवढ्याच आकाराचा फरशीचा तुकडा आणून रिकाम्या जागी ठेवला. त्यावर कुंकू लावलं आणि झेंडूंनी झाकून टाकलं. घाईत थोडं कुंकू जमिनीवरही सांडलं.

संध्याकाळी अप्पा ओळीपुढे बसला आणि एकेका हत्याराला हात जोडत गेला. शेवटी तो जरा थबकला. अप्पाने घसरलेलं एक फूल सारखं केलं आणि उठून गेला.

दसऱ्याला सगळे वेशीवर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं लुटायला गेले, तेव्हा ती पोटदुखीचं सोंग करून घरी राहिली. पोत्यातून टॅब काढून तिने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबून धरलं. नेहमीची टिंग टिंग वाजली. रडावं की नाचावं तिला कळेना. मग ओळीतली फरशी काढून तिने टॅब जागेवर ठेवला.

पण तो आनंद रात्रभरही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा हातोडा खांद्यावर टाकून निघाला.

“अप्पा, आज नको ना जाऊस.”

“सणाला खाल्लेली पुरणाची होळिगी फुकट येते होय गं?” तो हसला आणि गेला.

दिवसभर टॅब तिच्या मांडीवर होता. चुकलं की तो गणित पुन्हा देई, बरोबर आलं की टाळ्या वाजवी. त्या टाळ्या तिला सहन होईनात. दुपारी खाणीकडून ट्रॅक्टर भरधाव आला तशी ती अनवाणी रस्त्यावर धावली. ट्रॅक्टरात नुसत्या फरश्या होत्या.

दिवेलागणीला अप्पा आला. ती तांब्या घेऊन पुढे झाली आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली. धुळीखालून एकेक बोट वर येत होतं. ती मनात मोजत होती.

“सगळी आहेत,” अप्पा हळूच म्हणाला.

तिच्या हातातला तांब्या निसटला.

“जन्म गेला फरशी फोडण्यात. फुलांखाली काय आहे ते कळत नाही होय मला?” त्याने ओले हात तिच्यासमोर धरले. “मीपण दिवसभर मोजतच होतो गं.”