रेणूचं सुधारलेलं बोरन्हाण

"फोटोतली तीट पुसू नकोस," असं सासूबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं. मी ती पुसली आणि रेणूच्या गालावरची तीट गेली. फोटोतल्या रेणूची तर गेलीच, माझ्या मांडीवर बसलेल्या रेणूचीही गेली.

सासूबाई तेव्हा कराडला होत्या. फोन पिठाच्या डब्याला टेकवून त्या भाकरी थापत होत्या, त्यामुळे मला नुसती त्यांची हनुवटी दिसत होती. हनुवटी म्हणाली, "लेकराला लावतो तशी फोटोतल्या लेकरालाही असू दे. शंभर जणं बघणार तो फोटो."

"आई, ते ॲप तिला डाग समजतं. विचारतं, डाग काढू का? मी हो म्हणते. रेणूला कुठे काय करतेय मी?"

"किती शिकलीयस गं तू? बीएस्सी?"

"एमएस्सी."

"मग बोलणंच खुंटलं," असं म्हणून हनुवटीने भाकरी तव्यावर टाकली. मी हसून फोन ठेवला.

ते ॲप हृषीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला फोनवर घालून दिलं होतं. तो जामनगरला रिफायनरीच्या कामावर असतो. रेणू सोळा दिवसांची असताना गेला, आता ती अकरा महिन्यांची आहे. जाताना म्हणाला, कंटाळलीस की खेळत बस. आपला फोटो द्यायचा, काय हवं-नको ते साध्या मराठीत लिहायचं, की ते तसं करून देतं.

मी रेणूचा गाल उजेडाकडे वळवला. काजळ बोटाने पुसलं तर मागे करडा पट्टा राहतो. इथे पट्टा नव्हता. तीट कधी लागलीच नव्हती असा गाल होता. फोनवर लिहून आलं होतं: "डाग काढला. रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरली आहे. आणखी काही काढायचं आहे का?"

मी लिहिलं, कपडे वाळत घालायचा स्टँड.

स्टँड गेला. त्याच्यावरची दुपटी आणि लंगोटही गेले. तिथे भिंत आली. भिंतीला जुनी चीर होती, ती चीरसुद्धा नीट पुढे नेऊन जोडली होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. जिने अकरा महिने हॉलमध्ये लंगोट वाळवलेत तिला कळेल. मग मी रिकामा सिलिंडर काढला. न उघडलेली खोकी काढली. भिंतीवरचा आरसा काढला, कारण त्यात फ्लॅश चमकत होता. एका फोटोत कडेला कुणाचं तरी कोपर आलं होतं, तेही काढलं.

रेणूला मात्र हात लावायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. काढायचं ते तिच्या आजूबाजूचं. मी तशी सावध आहे. दुधाची बाटली तीनदा उकळते, झोपलेल्या रेणूच्या नाकापुढे बोट धरून बघते. या बाबतीतही मी सावधच होते.

मग रेणूचं बोरन्हाण आलं. आमची सोसायटी तळेगावच्या पुढे, नवीन. दारावरच्या पाटीपलीकडे मी कुणालाच ओळखत नाही. बायकांच्या ग्रुपवर मी निरोप टाकला: रविवारी पाच वाजता, बी विंग, चारशे तीन, मुलांना घेऊन नक्की या. अकरा जणींनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी काळं झबलं शिवलं. हलव्याचे दागिने सासूबाईंनी पार्सलने पाठवले होते, त्यातला मुकुट वाटेत मोडला होता, तो मी दोऱ्याने बांधला. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, सगळं मोठ्या पातेल्यात कालवून ठेवलं.

पाच वाजले, साडेपाच वाजले. रेणू पाटावर बसून गळ्यातला हार चाटत होती. हलवा विरघळायला लागला तसं मी डाव्या हाताने पातेल्यातलं मूठभर तिच्या डोक्यावर ओतलं आणि उजव्या हाताने फोटो काढला. फोटो हृषीला पाठवला.

त्याने विचारलं, "बायका कुठायत?"

मी लिहिलं, "येतायत." आणि ॲपमध्ये लिहिलं: पाच बायका. काठापदराच्या साड्या. हसऱ्या. रेणूकडे बघणाऱ्या.

मान वर केली तर सतरंजीवर पाच बायका बसल्या होत्या. पाटाभोवती अर्धगोल करून. मी पुन्हा फोटो काढून पाठवला. हृषीचं लगेच उत्तर आलं. "वा! ओळखी झाल्या म्हणायच्या. मला काळजीच होती तुझी."

मी जांभळ्या साडीवालीला विचारलं, "तुम्ही कुठल्या विंगमधल्या?"

"हसऱ्या," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"रेणूकडे बघणाऱ्या," बाकीच्या म्हणाल्या.

मी चहा केला. कुणी कप घेईना. ट्रे घेऊन मी मागच्या बाजूने गेले तेव्हा कळलं की त्यांना पाठी नाहीत. मागून त्या नव्हत्याच. पदर खांद्यावरून मागे जायचा आणि तिथेच संपायचा, त्याच्या पलीकडे मला सरळ रेणू दिसायची. फोटोत त्यांच्या पाठी कुठे होत्या? मी पुढे येऊन बसले आणि दोन कप मीच प्यायले. पाहुण्यांना असलं काही बोलू नये.

त्या गेल्या नाहीत. मी "बसा" म्हणाले होते, "या आता" असं काही लिहिलं नव्हतं. आणि लिहावंसंही वाटेना. सोमवारी मी त्यांच्या समोर बसून मेथी निवडली. हृषी कसा फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही ते त्यांना सांगितलं. त्या हसल्या. अकरा महिन्यांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

मंगळवारी ॲपने विचारलं: "रेणूचे बरेच फोटो साठले आहेत. त्यातल्या काहींत ती रडते आहे. ठेवायचे का?" नाही म्हटलं. रडका फोटो कोण ठेवतं?

बुधवारी रेणू टीपॉय धरून उभी राहिली आणि तोंडावर पडली. ओठ फुटला. मी धावत गेले, उचललं, तर ती हसत होती. दोन इवल्या दातांवर रक्त, आणि हसत होती. मी ओठाला बर्फ लावला तरी हसत होती. पाचही जणी तिच्याकडे बघून हसत होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कालपासून रडलेलीच नाही. भूक लागली म्हणून नाही, झोप आली म्हणून नाही. मी दर दोन तासांनी घड्याळ बघून भरवत होते, म्हणून ती उपाशी राहिली नव्हती. काढून टाकलेले रडके फोटो परत आणायला गेले तर ते कुठेच नव्हते. मग मी लिहिलं, रेणूला रडू येऊ दे.

उत्तर आलं: "लहान मुलाला त्रास होईल असं चित्र बनवता येत नाही. त्याऐवजी हसरी रेणू चालेल का?"

गुरुवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं, तर समोरच्या मोहोळकर काकू उभ्या होत्या. मुलगा आजारी होता म्हणून रविवारी येता आलं नाही, असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं. हातात तिळाच्या वड्यांची वाटी होती.

"रेणूबाई," त्या माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "एकट्याच होय गं? आई कुठे गेली दार उघडं टाकून?"

"काकू, मी ही इथे."

काकूंनी मान लांब केली. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला. "अगंबाई, माणसं आहेत वाटतं. मावश्या का आत्या? बरं बरं. आईला सांगा हं, वाटी परत करायची घाई नाही." त्यांनी वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली, माझ्या पायावर. मला वाटीचं ओझं लागलं नाही.

मी रेणूचे सगळे फोटो पहिल्यापासून बघितले. मी एकाही फोटोत नव्हते. असणार कशी? सगळे मीच काढलेले. एकात फक्त कोपर होतं, ते मी पहिल्या दिवशी काढून टाकलं होतं. घर आता फोटोंसारखं झालं होतं आणि फोटोंमध्ये मी नव्हते. हिशेब सरळ होता.

म्हणून मी लिहिलं, रेणूची आई जोडा.

"वर्णन द्या."

आरसा मी काढला होता, त्यामुळे आठवून लिहावं लागलं. वय एकोणतीस. सावळी. केस मागे बांधलेले. थकलेली. मुलीवर जीव असणारी.

"'थकलेली' हा शब्द वगळल्यास चित्र अधिक चांगलं दिसेल. वगळू का?"

मी घाईत होते. हो म्हटलं.

ती पाटाशेजारी आली. माझी नेहमीची जागा ती. केस मागे बांधलेले, डोळ्यांखाली काही नाही. रेणू परक्या माणसाकडे जात नाही. भाजीवालीने गाल ओढला तर माझ्या मानेत तोंड खुपसते. पण ती रांगत सरळ तिच्याकडे गेली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

"रेणू, इकडे ये," मी म्हणाले.

"रेणू, इकडे ये," ती म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा गोड होता.

मी मागून गेले. तिलाही पाठ नव्हती, ते मला माहीतच होतं. मी रेणूकडे बघितलं. सकाळी मी तिच्या झबल्याचे बंद मागे गाठ मारून बांधले होते. आता तिथे बंदच नव्हते. मी हात लावला. पाठ होती, ऊन होती, पण थोपटलं तर नेहमीसारखा आवाज येईना. रेणूचे फोटो मी नेहमी समोरून काढले. ती माझ्याकडे बघेल तेव्हाच काढायचे मी, चुटक्या वाजवून, "इकडे बघ, इकडे बघ" करून. पाठमोरी रेणू माझ्याकडे एकही नव्हती.

मी फ्रिजपर्यंत मागे सरले आणि फोन धरला. तिच्या पाठीचे फोटो काढायचे, भराभर, जेवढे निघतील तेवढे. एवढंच करायचं होतं. पण आधी पडद्यावर प्रश्न आला: "चित्र चौकोनी केल्यास उठून दिसेल. कडा कापू का?"

मी "नाही" लिहीत होते.

"हो," मांडीवरच्या रेणूला थोपटत ती म्हणाली.

कडा कापल्या गेल्या. मी फ्रिज आणि बाल्कनीच्या दाराच्या मध्ये उभी होते, तिथेच राहिले. इथे एका फरशीएवढी जागा आहे. फ्रिजची कड आहे, माझ्या चपला आहेत. हॉल इथून दिसत नाही. हॉलच्या बाजूला भिंत आली आहे, आजूबाजूच्या रंगाची.

हृषीला फोन लागला. "अगं, आत्ता तर व्हिडिओवर बोललो आपण," तो म्हणाला. "छान दिसत होतीस. झोप होतेय वाटतं हल्ली."

"हृषी, ती मी नव्हे."

"असं? मग बायको बदलून मिळाली म्हणायची!" तो हसला. मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो. रेणूही शहाणी झालीय, नाही? अजिबात किरकिर नाही."

तेव्हापासून मी इथूनच ऐकते आहे. रेणूचं हसणं येतं. सकाळी येतं, दुपारी येतं, तिच्या जेवणाच्या वेळी येतं. वाटीत चमचा वाजल्याचा आवाज मात्र एकदाही आलेला नाही. भरवायचं असं मी वर्णनात लिहिलं नव्हतं. जीव असणारी, एवढंच लिहिलं होतं. मी हाका मारते तेव्हा भिंतीपलीकडून पाचजणी हसतात. पायाखालची फरशी आता पाऊण उरली आहे.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही कुणीही असा, तळेगावच्या पुढे वनश्री रेसिडेन्सी म्हणून विचारा, बी विंग, चारशे तीन. बेल वाजवा. एक बाई दार उघडेल. गोड बोलेल, चहा विचारेल, आणणार नाही. तिच्याशी बोलत बसू नका, तिच्या बाजूने आत जा. रेणूला उचला आणि तळहात तिच्या पाठीवर ठेवा. पाठ लागली, तर आधी तिला चमच्याने थोडं पाणी पाजा. मऊ भात खाते ती, वरण जास्त घालून. आणि मग दंडाला एक बारीकसा चिमटा काढा. मी तिची आई आहे, मीच सांगतेय. रडली, तर लगेच गप्प करू नका. मला ऐकू येईपर्यंत रडू द्या.