कुंताबाईचं धाकटेपण

सुशीला थोरली आणि कुंता धाकटी, हे दिघोरीत कोणालाही विचारा. दोघींत चार वर्षांचं अंतर. सुशीला अक्षरं गिरवत होती तेव्हा कुंता अंगणात रांगत होती, आणि सुशीलाची जुनी परकर-पोलकी कुंतानंच झिजवली, याला साक्षीदार आहेत. टीव्हीच्या पडद्यावर मात्र भलतंच घडलं. सुशीला मुंबईला गेली, तिथे तिची रुचिका झाली आणि मग दर नव्या मालिकेत ती थोडी थोडी लहान होत गेली. इकडे कुंताबाई दर पावसाळ्यात धानाच्या रोवणीला चिखलात वाकत, उन्हात वाळत रीतसर वाढत राहिली. मधे एकदा दोघी अगदी एका वयाच्या दिसल्या. त्यानंतर थोरली जी मागे फिरली, ती थांबायचं नाव घेईना.

कुंताबाईला याचा राग नव्हता. साडेसातची मालिका लागली की ती शेजारी नव्यानं राहायला आलेल्या शकुनबाईला हाक मारून बोलवायची आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हे पाय, आमची बाई." दिघोरीकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. शकुनबाईचा विश्वास बसत नसे. "हे तुही मोठी बहीन? माह्या सुनेएवढी तं दिसते वो!" यावर कुंताबाई हसायची आणि ठसक्यात सांगायची, "चार वर्सानं मोठी हाये माह्यापेक्षा." या चार वर्षांवर तिचा भारी जीव होता. आई कधीच गेली होती. घरात कुंताबाई आता कोणाची सासू, कोणाची आजी, गावातल्या अर्ध्या पोरांची काकी झाली होती. धाकटी ती जगात एकाच माणसाची होती, आणि ते माणूस आठवड्यातून एकदा फोन करून तिला "कुंते, गोळ्या घेतल्यास का?" म्हणून रागवायचं.

त्या माणसाचाच एक दिवस वेगळा फोन आला.

"कुंते, चॅनलची माणसं माझ्या माहेरचा कार्यक्रम करायला दिघोरीला येणार आहेत," सुशीला म्हणाली. मुंबईला गेल्यापासून ती बहिणीशीही पुस्तकातलं मराठी बोलायची. "एक लक्षात ठेव. त्यांच्याकडे माझं वय सेहेचाळीस लागलेलं आहे."

"सेचाळीस?" कुंताबाई दचकली. "अवो बाई, मीच चौपन्नची हावो ना!"

"तेच तर. म्हणून तू मोठी. मी तुला ताई म्हणेन, तू मला नुसतं सुशीला म्हण. एका दुपारचा प्रश्न आहे."

"अन् कायले पन असं?"

सुशीलानं सगळं सांगितलं. नवी मालिका येत होती. त्यात तिच्यासाठी दोनच कामं होती, नायिकेची मोठी जाऊ नाहीतर आजी. जाऊ झाली तर तीन वर्षांची ददात मिटते. आजी म्हणजे पंधरा दिवस खाटेवर खोकायचं आणि मग भिंतीवर हार घालून लटकायचं. कार्यक्रम बघून ते ठरवणार होते. "माझं पोट आहे त्याच्यावर, कुंते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज साडेसातच्या मालिकेतल्यासारखा अजिबात नव्हता. कुंताबाईनं लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र आपण काय देऊन बसलो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिला जेवण गेलं नाही.

नवऱ्याला, दिघोरीच्याच यादोरावला, ही बातमी कळली तेव्हा त्याची कळी खुलली. बायकोची थोरली बहीण म्हणजे आकडसासू. तिच्यासमोर हसायचं नाही, चेष्टा करायची नाही, खाली मान घालून "बरं हाये ना बाई?" एवढंच विचारायचं. लग्नापासून बिचारा हे पाळत आला होता. टीव्हीवर झळकणारी बाई घरात यायची आणि यादोरावच्या वाट्याला तिची पावलं तेवढी यायची. आता एका फोनसरशी आकडसासूची साळी, म्हणजे धाकटी मेहुणी, झाली होती, आणि साळीची चेष्टा करायचा तर नवऱ्याला हक्कच असतो.

"मंग मी तिले काही गमतीचं बोललो तं चालते ना?"

"बोला," कुंताबाई म्हणाली. "कॅमेरा बंद झाला का पुन्हा मान खाली."

यादोराव आठवडाभर धानाच्या बांधीत आणि बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीवर एकच विनोद घोकत होता. आदल्या दिवशी सून टीना हिनं सासूच्या डोक्याला काळी मेंदी थापली. टीव्हीवर यायचं तर निदान केस तरी बरे दिसावेत, एवढीच कुंताबाईची हौस होती. धुतल्यावर केस असे काळेभोर निघाले की ती दोनदा आरशासमोर जाऊन आली, आणि दुसऱ्यांदा गेली तेव्हा टीनानं पाहिलं म्हणून फणी शोधायला आले होते असं म्हणाली.

गाडी आली ती भर दुपारी. अंगणात धानाची पोती एका बाजूला लावून ठेवली होती, सडा घातला होता. गाडीतून कार्यक्रमाची दिग्दर्शिका प्रतिक्षा उतरली, कॅमेरेवाले उतरले, मेकअप करणारा सुगत त्याच्या दोन पेट्या घेऊन उतरला, आणि सगळ्यांच्या शेवटी तोंडाला ओढणी गुंडाळलेली सुशीला उतरली. ती तशीच तडक मधल्या खोलीत गेली. कुंताबाई पाण्याचा गडवा घेऊन मागोमाग गेली आणि जे पाहिलं त्यानं दारातच उभी राहिली.

सुगतनं आधी कानांपुढच्या केसांत दोन पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांच्या दोऱ्या मागे नेऊन डोक्यावर करकचून बांधल्या. सुशीलाचे गाल वर गेले, डोळ्यांच्या कडा वर गेल्या, हनुवटीखालचं सगळं ओढलं गेलं. कुंताबाईला गोऱ्ह्याला पहिल्यांदा वेसण घातली तो दिवस आठवला, पण ती काही बोलली नाही. दोऱ्यांवर केसांचं गंगावन बसलं. मग रंगाचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर पावडर. डोळ्यांखालच्या काळ्याला आधी नारिंगी फासलं आणि मग ते नारिंगी लपवलं. गळा काही केल्या ऐकेना, तेव्हा त्याच्यावर रुंद चिंचपेटी चढवली. दंडांसाठी लांब बाह्यांचं पोलकं होतंच. हात फार दाखवायचे नाहीत, उजव्या बाजूनं चेहरा घ्यायचा नाही, आणि एका माणसानं चांदीच्या रंगाचा फळा खालून धरायचा म्हणजे उजेड वर जाऊन सुरकुत्या पुसतो. हे सगळं सुशीला गप्प बसून करून घेत होती. भाताचं पाणी बघावं तसं ती मधूनच आरशात बघायची आणि म्हणायची, "अजून थोडं."

काम उरकलं तेव्हा खोलीत खरोखरच सेहेचाळीसची बाई बसली होती. फार तर सत्तेचाळीस.

तेवढ्यात प्रतिक्षा आत डोकावली. तिनं सुशीलाकडे पाहिलं, मग कुंताबाईच्या काळ्याभोर डोक्याकडे पाहिलं. "सुगत, ताईंना जरा वय दे ना," ती म्हणाली. "मोठ्या वाटत नाहीयेत."

सुगतनं दुसरी पेटी उघडली. पांढऱ्या पावडरीचा कुंचला कुंताबाईच्या कानशिलांवरून, भांगावरून फिरला. डोळ्यांखाली त्यानं दोन करड्या रेघा ओढल्या. एकीची काढलेली वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून दुसरीला नेसवावीत, अशी ती सोय होती. कुंताबाईनं आरशात पाहिलं तर समोर तिची आजी उभी. मेंदीचा वास अजून नाकात होता. तिला रडू आलं, आणि रडलं तर रेघा पुसतील म्हणून रडता येईना. आरशातून तिनं बाईकडे पाहिलं. बाईनं नजर खाली वळवली आणि उगाच बांगड्या नीट केल्या.

अंगणात चित्रीकरण सुरू झालं. सुशीला फाटकातून आत आली, "ताई!" म्हणत कुंताबाईच्या गळ्यात पडली. कुंताबाईनं शिकवल्याप्रमाणे "सुशीला" म्हटलं. जिभेला ते इतकं जड गेलं की जणू देवळात चप्पल घालून शिरली. मग यादोराव पुढे झाला. आठवडाभर घोकलेला विनोद ओठांवर होता, कॅमेरा त्याच्याकडे वळला, साळी लाल ओठांनी हसत समोर उभी राहिली, आणि यादोरावची मान आपोआप खाली गेली.

"बरं हाये ना बाई?" तो म्हणाला.

"बाई का म्हणताय त्यांना?" प्रतिक्षानं विचारलं.

"आमच्या इकडं सगळ्यायलेच बाई म्हनते जी," टीनानं घाईघाईनं सांगितलं. यादोराव धानाच्या पोत्यांमागे जाऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

"आता रुचिकाताई, तुम्ही मोठ्या बहिणीच्या पाया पडा," प्रतिक्षा म्हणाली.

हे कुंताबाईला कोणी सांगितलं नव्हतं. सुशीला वाकली तशी ती दोन पावलं मागे उडाली. थोरलीनं धाकटीच्या पायांना हात लावायचा? पाप कुठे फेडायचं ते? सुशीलानं खालूनच डोळ्यांनी विनवलं. प्रतिक्षानं पुन्हा घेऊ म्हटलं. कुंताबाईनं डोळे घट्ट मिटले, मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि पाय रोवून उभी राहिली. बाईचे हात तिच्या पावलांवर आले. थंडगार होते.

"आशीर्वाद द्या, ताई. मोठ्यानं," प्रतिक्षा म्हणाली.

आशीर्वाद ही काही विचार करून द्यायची गोष्ट नव्हे. सुना, पोरं, नातवंडं वाकली की कुंताबाईच्या तोंडून आईचेच शब्द आपसूक निघायचे. आताही निघाले. "म्हातारी हो. केस पिकेपर्यंत जग."

"कट!" प्रतिक्षा कळवळून ओरडली. "अहो ताई, म्हातारी काय! असं म्हणा, अशीच तरुण राहा. कायम अशीच राहा."

कायम अशीच राहिलेली एकच बाई कुंताबाईच्या माहितीत होती, तिची आई. बेचाळिसाव्या वर्षी गेली ती भिंतीवर अजून बेचाळीसचीच होती, आणि तिच्या दोन्ही लेकी वयानं तिच्या पुढे निघून गेल्या होत्या. म्हातारी हो, हे आईनं लेकींना जन्मभर म्हटलं आणि तिला स्वतःला ते जमलं नाही. जिवंत माणसाला अशीच राहा म्हणायला कुंताबाईची जीभ रेटेना.

"मी नाही म्हनत," ती म्हणाली.

"अहो, धाकट्या बहिणीसाठी एवढंही नाही करणार?"

"धाकटीनं थोरलीले आशीर्वाद देल्ला, थेच पाप लय झालं," कुंताबाई भडकून बोलली. "आता अजून काय काय म्हनू?"

बोलून गेली आणि मग तिला कळलं.

फळा धरलेल्या माणसाचा हात खाली आला. प्रतिक्षा एकदा पांढऱ्या डोक्याकडे आणि एकदा काळ्या डोक्याकडे पाहत मनात बेरीज करत होती, आणि ती बेरीज जुळत गेली तसं तिचं तोंड उघडत गेलं. तीन वर्षांचं काम, बाईचं पोट, सगळं कुंताबाईनं एका वाक्यात मातीत घातलं होतं. ती खाली पाहायला धजेना. बाई अजून तिच्या पायांशीच होती, आणि उठत नव्हती.

"कुंते," खालून आवाज आला, "हात दे वो. गुडघा धरला माहा."

इतक्या वर्षांनी बाईच्या तोंडून गावची बोली ऐकून कुंताबाईला क्षणभर कोण बोललं तेच समजेना. मग तिनं दोन्ही हातांनी बाईला उचललं. सुशीला तिच्या खांद्याला धरून उभी राहिली, धापा टाकत हसायला लागली.

"गुडघ्याले कोनता रंग लावतेस बापा," ती सुगतला म्हणाली. मग प्रतिक्षाकडे वळली. "हे माही धाकटी हाये. चार वर्सानं. कॅमेरा चालू कर."

"मॅडम, पण मग जावेचा रोल..."

"जाऊ दे. आजीच करीन मी. पन खाटेवर पडून नाही खोकनार, तेवढं सांगून देजो त्यायले."

कुंताबाईला आता रेघांची पर्वा राहिली नव्हती. "चुकलं माहं, बाई," म्हणत ती रडत रडत वाकली आणि बाईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. मुंबईत सेटवर नव्या पोरी वाकायला लागल्या की सुशीला हसून त्यांचे हात वरच्या वर धरायची. ज्या बाईच्या सगळे पाया पडतात, तिला जावेचं काम कोण देणार? किती वर्षांत तिच्या पायांवर कोणी डोकं ठेवलं नव्हतं, हे तिला आत्ता कळत होतं. तिनं हात बहिणीच्या डोक्यावर ठेवला. तळव्याला पांढरी पावडर लागली आणि खालचे काळे केस दिसायला लागले.

"म्हातारी हो, कुंते," ती म्हणाली.

"झाली ना वो बाई," कुंताबाई नाक पुसत म्हणाली. "तुह्या आधीच झाली."

"थांब मंग तिथंच," बाई म्हणाली. "मी येतो."