अकराशे छत्तीस फेरे

“बोलू नको. फेरा चुकतो,” अण्णा म्हणाले.

मी काहीच बोलले नव्हते. मागून उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून स्कूटीचा हॉर्न तेवढा वाजवला होता. अण्णा मागे न बघता सायकल हाकत राहिले. पुढच्या चाकाच्या एका तारेला त्यांनी जुन्या ट्यूबची पट्टी बांधली होती. दर फेऱ्याला ती दांडीवर आपटून ‘टक्’ करायची. शंभर वेळा टक् झालं की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. डोंगरकड्याच्या शाळेपासून कालव्याच्या पुलापर्यंत अडीच किलोमीटर, म्हणजे या चाकाचे अकराशे छत्तीस फेरे. दरवर्षी तेवढेच भरायचे. तरी अण्णा दरवर्षी शर्यतीआधी मोजायचे.

माझं काम त्यांच्या मागे राहून गाड्या थोपवण्याचं होतं. मी तीन दिवसांच्या सुट्टीत नांदेडहून आले होते. तिथे एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते, दिवसभर एका खुर्चीत बसते. इथे मात्र मला सायकलच्या वेगाने जाणं जमत नव्हतं. मी सारखी पुढे जात होते, सारखी ब्रेक दाबत होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. डावीकडे विहिरीवरची मोटारीची खोली आली तशी मी नजर उजवीकडे वळवली. चौदा वर्षं मी त्या खोलीकडे बघत नाही.

अण्णा एकतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. गावोगावी लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत. दोन भाऊ दोन बाजूंना कुऱ्हाडी घेऊन उभे आणि मधे अण्णा शांतपणे खुंट ठोकताहेत, असं आईने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. धावण्याच्या शर्यतींचं वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं, तर ते म्हणत, रस्ता कुणाच्या वाटणीचा नसतो म्हणून मला बरा वाटतो.

हट्टा, आखाडा बाळापूर, कळमनुरी आणि डोंगरकडा, अशा चार गावांच्या क्लबांना धरून त्यांनी ही मालिका सुरू केली. हिवाळ्यातल्या चार रविवारी चार गावांत शर्यत आणि शेवटी गुणांची बेरीज. कागदावर तिचं लांबलचक नाव होतं, पण लोक नुसतं ‘चार रविवार’ म्हणत. हट्ट्याच्या लोकांना वाटे बाळापूरच्या रस्त्याला उतार आहे. बाळापूरच्यांना कळमनुरीच्या घड्याळावर विश्वास नव्हता. पोलीस ठाण्याला पत्र, आरोग्य केंद्रात गाडीसाठी चकरा, केळीवाल्याला निरोप, आणि रुसलेल्या क्लबाच्या अध्यक्षाकडे स्वतः जाऊन चहा पिणं, हे सगळं अण्णा करत. आमच्या घरातला फोन नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधी थंड झाला नाही.

पुलाच्या कठड्यावर धनसिंगकाका चहाचा थर्मास घेऊन बसले होते. कळमनुरीजवळच्या तांड्यावरचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. पहिल्या वर्षापासून ते अण्णांसोबत होते.

“साहेब, पुन्यांदा मोजून राहिले का? रस्ता काय रातीतून आखडला काय?”

“आखडला नाही, तेच बघतो,” अण्णा म्हणाले आणि उतरले. अकरा चिंचोके आणि छत्तीस टक्. बराबर.

हट्टा क्लबाचे दिपक सर मोटरसायकलवर टेकून हे बघत होते. शाळेत खेळाचे शिक्षक, तोंडाने फटकळ. मोजणीला आमचा माणूस हजर पाहिजे, अशी हट्ट्याची जुनी अट होती. त्यांनी चहाचा कप घेतला आणि धनसिंगकाकांना म्हणाले, “काका, यंदा तरी जागे राहा बरं.”

“व्हय सर. दोन कप ज्यादा पितो,” काका हसून म्हणाले.

सगळे हसले. मी कालव्यात बघत राहिले.

हा विनोद चौदा वर्षांचा होता, आणि तो माझ्यामुळे होता. मी सतरा वर्षांची असताना मुलींची पाच किलोमीटरची शर्यत याच रस्त्यावर झाली, शाळेपासून पुलापर्यंत आणि परत. माझा नंबर सात. धुकं इतकं होतं की पुढचं झाड जवळ आल्यावर कळायचं. मी सगळ्यांच्या पुढे होते, मागे कुणाच्या पावलांचा आवाजही नव्हता, आणि पोटात कळ आली होती. मोटारीच्या खोलीपाशी मी थांबले. पूल तिथून दोनशे मीटर पुढे होता. मी पुढे गेले नाही. केळीच्या आडोशाला वाकून उभी राहिले. दुसरी मुलगी धापा टाकत पुलाकडे गेली, तिला मी दिसले नाही. मग मी परत फिरले आणि पहिली आले. एकोणीस मिनिटं आठ सेकंद.

पुलावर वळणाऱ्यांचे नंबर कागदावर लिहायचं काम धनसिंगकाकांकडे होतं. त्यांच्या कागदावर सात नंबर नव्हता. हट्ट्याच्या लोकांनी गलका केला. अण्णांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, पुलाला वळसा घातलास? मी हो म्हणाले. मग त्यांनी काकांना विचारलं, नंबर लिहायचा राहिला का? काकांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाले, धुकं व्हतं साहेब, राहिला असंल.

कुणीतरी म्हणालं, झोपला असेल गडी. ते चिकटलं. पुढच्या वर्षीपासून वळणावर प्रत्येकाच्या मनगटात लाल रबर घालायची पद्धत आली, आणि काकांकडे चहा-पाणी आलं. ते पुन्हा कधी वळणावर उभे राहिले नाहीत.

दिपक सर निघून गेल्यावर अण्णांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा पट्टा ओढला. अण्णा शेजारी उकिडवे बसले होते. काका थर्मास धुवायला कालव्याच्या पायऱ्या उतरले होते.

“त्या दिवशी इथून वळताना तुला काय दिसलं?” अण्णांनी विचारलं.

चौदा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“धुकं,” मी म्हणाले.

“आणखी?”

“काही नाही. धुकंच होतं.”

ते पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.”

संध्याकाळी ते मला बाळापूरच्या स्टँडवर सोडायला आले. एसटी उशिरा होती. आम्ही शेंगदाणे खाल्ले. आईच्या गुडघ्यांचं बोललो. हट्ट्याची जाई यंदा तुझा विक्रम मोडेल असं दिसतं, ते म्हणाले. मी म्हणाले, मोडू दे. गाडी आली. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि मी बसायच्या आतच ते मागे वळून चालू लागले, कारण त्यांना पाणीवाल्याला गाठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला आईचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, “तू ये. अण्णा खुर्चीत बसलेत अन् बोलून नाही राहिले.”

*

त्यानंतर मी एका जागी बसले नाही. माणसं येत होती, सतरंजीवर बसत होती, आपापल्या बांधांचं भांडण अण्णांनी कसं मिटवलं ते सांगत होती, आणि मी आतून बाहेर, बाहेरून आत करत होते. आई म्हणायची, बस गं माय, पाय मोडतील. मी बसायचे आणि उठायचे. पहाटे मी बाळापूरच्या रस्त्यावर लांबवर चालत जायचे आणि परत यायचे. रडू येत नव्हतं. ‘बरं’ एवढंच ऐकू यायचं, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी वेगळ्या स्वरात.

तेराव्यानंतर दिपक सर आणि धनसिंगकाका घरी आले. चौथा रविवार उरला होता. चारही क्लबांनी ठरवलं होतं की शर्यत होणार, आणि त्या दिवशी साहेबांच्या नावाचा चषक द्यायचा. सगळं साहेबांच्या वहीत असेल, तेवढं तुम्ही बघा, असं सर मला म्हणाले.

वही मिळाली. पाण्याचे टेबल, रुग्णवाहिका, घड्याळ, प्रत्येक कामापुढे नाव, सगळं अण्णांच्या गोल अक्षरात. मी मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता थांबले. ‘वळण’ या शब्दापुढे लिहिलं होतं, धनसिंग.

काकांनी वही मागितली. डोळ्यांजवळ धरली. बोटाने ती ओळ दोनदा वाचली.

“चूक असंल,” ते म्हणाले. “साहेबाला चहा लिहायचा असंल.”

अण्णा नावं लिहिताना चुकत नसत. हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. दिपक सर म्हणाले, लिहिलंय तर उभे राहा काका, आम्ही फोन करून उठवू तुम्हाला. काका या वेळी हसले नाहीत. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली, अगदी हळू, काचेचं भांडं द्यावं तशी. पानावरची तारीख मी नंतर बघितली. ते पान अण्णांनी मोजणीच्या दिवशी, मला स्टँडवर सोडून आल्यावर लिहिलं होतं.

*

चौथ्या रविवारी आकाश स्वच्छ होतं. साडेसहाला शाळेच्या मैदानावर दोनशेच्या वर माणसं जमली. मी घड्याळ घेऊन शेवटच्या रेषेवर होते, पण उभी राहू शकत नव्हते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत होते. आई खुर्चीत अण्णांच्या फोटोशेजारी बसली होती.

मुलींमध्ये जाई पहिली आली. अठरा वर्षांची, काटक, मनगटात लाल रबर. एकोणीस मिनिटं एकवीस सेकंद. घड्याळाकडे बघून तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मी तिला पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर ती माझ्या मागे मागे आली.

“ताई, एक विचारू का? पुलावरून माघारी फिरलं की तो चढ लागतो ना. तुमी तो कसा काढला व्हता? माझे तिथंच दहा-बारा सेकंद जातेत. तीन वर्षं झाले, तिथंच जातेत.”

ती खरोखर विचारत होती. डोळे माझ्यावर लावून, शाळेत गणित विचारावं तशी. मी त्या चढावर कधी पळाले नव्हते. पांढरा पट्टा ओढेपर्यंत तिथे चढ आहे हेही मला धड माहीत नव्हतं.

मी तिला म्हणाले, थांब जरा.

बक्षिसांना सुरुवात झाली. धनसिंगकाका वळणावरून परत आले होते. हातात नंबरांचा कागद होता, प्रत्येक नंबर टोकदार, एकही न गाळलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि सवयीने चहाच्या किटलीकडे गेले. दिपक सरांनी माईकवर साहेबांची आठवण सांगितली. मग म्हणाले की साहेबांच्या लेकीचा चौदा वर्षांचा विक्रम आजही अबाधित राहिला, ही साहेबांना श्रद्धांजली आहे. टाळ्या वाजल्या. जाईनेही वाजवल्या. मागून एकजण ओरडला की आज काका जागे होते वाटतं, आणि हशा झाला.

मी टेबलापाशी गेले आणि सरांना हळू आवाजात सांगितलं. दोन वाक्यांत. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

“ताई, आता काहून?” ते कुजबुजले. “फोटोला हार आहे समोर. लोक काय म्हणतील, मोजणीसाहेबाच्या घरातच माप खोटं. त्यांच्या नावाचा चषक आहे आज. जाऊ द्या. जाईला मी सांगतो पुढल्या साली मोड म्हणून.”

ते हट्ट्याचे होते. हे ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता.

काकांनी ऐकलं होतं. किटली खाली ठेवून ते जवळ आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती, त्या दिवशीही मारली नाही.

“राहू द्या बाई,” ते म्हणाले. “मला सवय झाली.”

मी आईकडे बघितलं. ती आमच्याकडेच बघत होती, काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. तिच्या शेजारी अण्णा, कार्यालयाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो, कुणाकडेच न बघणारे. त्यांना मी शेवटचं जे सांगितलं होतं, ते आता बदलता येणार नव्हतं. त्यांना सांगण्यासारखी जागा कुठेच उरली नव्हती, आणि इथे दोनशे माणसं होती.

मी माईकसमोर उभी राहिले आणि बोलले. मागून आवाज आला, ऐकू न्हाई. माईकचं बटण सरांनी बंद केलं होतं. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. ते पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

“मी विश्वंभर जवळेकरांची मुलगी, केतकी,” मी म्हणाले. माझाच आवाज शाळेच्या भिंतीवर जाऊन परत आला. “चौदा वर्षांपूर्वी मी पुलापर्यंत गेले नव्हते. मोटारीच्या खोलीपासून परत फिरले. अण्णांनी मला दोनदा विचारलं आणि दोनदा मी खोटं बोलले. त्यांचं माप बरोबर होतं. विक्रम आजपासून जाईचा आहे, एकोणीस एकवीस.”

काका किटलीजवळ पाठमोरे उभे होते.

“आणि धनसिंगकाका त्या दिवशी झोपले नव्हते. ते जागे होते. मी त्यांना दिसले नाही, कारण मी तिथे नव्हतेच.”